चढले की पोचले

शेवटच्या वळणावर तिच्या सायकलीचे मागचे चाक घसरले. मोटर किंचाळली, चाक खडीत जागच्या जागी फिरले आणि सायकल उताराच्या बाजूला कलू लागली. तिने अंगठ्याने बटण दाबून मोटरचा जोर कमी केला, अंग मागे सारले आणि पायांवर भिस्त ठेवून पॅडल दाबले. मागे खडी करकरली. तो दादा असणार. पण वळून पाहण्याची सोय नव्हती. चाकाने माती धरली. ती वळणाबाहेर पडली.

या टेकडीच्या माथ्यावर दोनच शब्द चालत. पायथ्यापासून वरपर्यंत ज्याचा पाय जमिनीला टेकला नाही, त्याने "चढलो" म्हणायचे. ज्याचा टेकला, त्याने "पोचलो". नियम दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता, आणि एखादा स्वल्पविराम नजरेतून सुटला तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे. इतक्या वर्षांत "पोचलो" हा शब्द ज्याच्या तोंडून कधी निघाला नाही, असा तो एकटाच. एकदा अंगात ताप असताना तो वर आला, "चढलो" म्हणाला आणि मगच आडवा झाला.

त्याच्या खालोखाल तिचा मान होता. बेकरीत रोज पोतेभर मैदा मळणाऱ्या बाईला चढाचे कसले भय! पण फुप्फुसांनी दगा दिला आणि दोन वर्षे तिने अंथरुणात काढली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत तिच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असे. ती त्या खुर्चीत टेकली की दादा दारातून विचारी, "काय गं, चढलीस की पोचलीस?" ती चिडे. चिडून उठे. आणि एक दिवस न टेकता न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन, कडीला धरून, धापा टाकत ती ओरडली होती, "चढले!"

डॉक्टरांनी टेकडीला परवानगी दिली, ती मोटर असलेल्या सायकलीच्या अटीवर. आज सकाळी पायथ्याशी त्या सायकलीभोवती एक फेरी मारून दादाने नाक मुरडले होते.

"ही सायकल नव्हे, लिफ्ट आहे. तायडे, तू चढणार नाहीस, तुला चढवलं जाईल. प्रयोगच बदलतो, कर्तरीचा कर्मणी होतो."

"मग वर जाऊन काय म्हणू?"

"खरं असेल ते."

"दादा, निदान पायथ्याशी तरी व्याकरण आवरा," सोबतचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. किडकिडीत, सदा उड्या मारणारा; त्याला सगळे स्प्रिंग म्हणत. "अजून चढ तसाच आहे समोर!"

ती हसली होती. पण तो प्रश्न तिच्याबरोबर सबंध वाटभर पॅडल मारत होता. पोचायला काय, जीपसुद्धा पोचवते. तिला तो दुसरा शब्द हवा होता, आणि तो उसना नको होता. एरवी सर्वांच्या पुढे असणारा दादा आज तिच्या मागे राहिला. मोटरचा आवाज नीट ऐकायचा आहे, असे कारण त्याने दिले.

आता माथा आला. स्प्रिंग आधीच येऊन सपाट खडकावर पाय पसरून बसला होता. ती थांबली, उतरली. छाती भात्यासारखी हलत होती. पण हवा आत जात होती, पुरेशी, खोलवर. पाय थरथरत होते, आणि त्या थरथरीचा तिला अभिमान वाटला. दादा मागून आला. दोघेही तिच्याकडे पाहत राहिले.

तिने मनाशी हिशेब केला आणि मान ताठ ठेवून ती म्हणाली, "पोचले."

"चूक," दादा म्हणाला.

"काय चूक?"

"पाय टेकला का तुझा?"

"नाही. पण मोटर होती ना."

"नियमात पाय आहे. मोटर कुठे आहे? मी लिहिलेल्या वाक्यात तू आपल्या मनाने शब्द घुसडू नकोस."

"अरे, सकाळी तूच म्हणालास, मला चढवलं जाईल म्हणून!"

"म्हणालो. चुकलो." हा शब्दही त्याच्या तोंडी नवाच होता. "पॅडल थांबवलंस तर ती मोटर चालते का?"

"नाही. तीही थांबते."

"मग ती सहायक क्रियापद झाली. सहायक क्रियापद आलं म्हणून कर्ता बदलत नाही. आणि त्या वळणावर तर ती नुसती किंचाळली. सायकल कोणी सावरली, ते मी मागून पाहिलंय. बोल."

तिने ओठ घट्ट मिटले. मग उघडले.

"चढले."

"चढली!" स्प्रिंग टाळ्या पिटत उठला. "आता तुमचं होऊन जाऊ द्या दादा, नेहमीचं. म्हणजे चहाचा थर्मास उघडता येईल."

दादाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला. तेव्हा तिचे लक्ष त्याच्या उजव्या बुटाकडे गेले. डावा स्वच्छ होता. उजवा घोट्यापर्यंत मातीने माखला होता.

"दादा, हे काय?"

"तुझं चाक घसरलं," तो म्हणाला, "आणि टेकला माझा."

मग छाती पुढे काढून, इतक्या वर्षांत "चढलो"सुद्धा कधी म्हटले नसेल इतक्या खणखणीत आवाजात, दादा म्हणाला, "पोचलो!"