मलमलीतलं दही

मोरीच्या नळाला टांगलेल्या दह्याच्या पुरचुंडीकडे बघता बघता काशीराम खाटेवर उठून बसला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

कपडा त्याच्या ओळखीचा होता. पुरचुंडीतून टपटप पाणी गळत होतं आणि तिच्या पोटावर धाग्याची एक बारीक गाठ दिसत होती. विणकराला आपली चूक शंभर कापडांत सापडते. गिरणीतल्या संपाच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, तो धागा तुटला होता आणि त्याने हातानेच जोडला होता. त्या गाठीपायी कापड डागी ठरलं, म्हणून तर त्यातली पाच वार मलमल त्याला घरी आणता आली.

ती त्याने स्वतःच्या मढ्यावर घालायला ठेवली होती. न धुतलेली, न फाडलेली, कोरी. घरात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. गणपतीला आलेल्या पाहुण्यांनाही तो हौसेने ट्रंक उघडून दाखवायचा. "जन्मभर दुनियेचां आंग झाकलंय, माझां मीच झाकतलंय," म्हणायचा. दुसरं काही घातलंत तर मी जाणारच नाही, इथेच या खोलीत बसून राहीन, अशी धमकीही द्यायचा. पाहुणे हसायचे, चहा प्यायचे आणि घाटकोपरची टेकडी उतरून आपापल्या घरी जायचे.

परवापरवापर्यंत घरातलेही हसायचे. मग एका सकाळी तो गिरणीच्या फाटकावर जाऊन आला. संपाला अडीच वर्षं झाली होती. परत कामावर घ्यायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण फाटकाआड साचे घणाने फोडून ट्रकमध्ये भरत होते. "माझो साचो भंगारात गेलो," एवढंच तो मुलाला, दशरथला, म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हापासून तो नुसत्या पाण्यावर होता. दशरथने पाया पडून पाहिलं. डॉक्टर येऊन गेले. म्हातारा कुणाशी भांडला नाही, रडला नाही. त्याने ट्रंक तेवढी खाटेखाली ओढून घेतली होती.

आणि आता सुनेने ट्रंकेतल्या त्या मलमलीत दही बांधलं होतं.

"मालन!" त्याचा आवाज चिरकला. "तां माझ्या मढ्यार घालूचां कापड गो!"

मालन वळली नाही. ती काकडी किसत होती. मुलुंडला ती एका बाईंकडे स्वयंपाक करायची. बाईंचे यजमान ग्रीक बोटीवर कप्तान होते, आणि त्यांनी तिकडून शिकून आणलेली ही थंडगार कोशिंबीर त्या घरात रोज लागायची. आपल्या कोशिंबिरीला पाणी सुटतं, हिच्यात थेंबभर चालत नाही. मालनने किसाला मीठ लावलं आणि मुठीत धरून तो करकचून पिळला. मग पुरचुंडी सोडली. दह्याचा घट्ट गोळा वाडग्यात पडला. काशीरामला तेव्हा दिसलं, की कापड मधोमध टरकावलेलं आहे.

तो ओरडला. शिव्या दिल्या. आईबापांनी काही शिकवलं नाही का, म्हणून विचारलं. नऊ दिवस उपाशी माणसाच्या अंगात एवढा जोर कुठून आला, हे त्याचं त्यालाच कळेना. मालन ऐकत होती. तिने काकडी दह्यात कालवली, नावाला लसूण ठेचून घातला, वर गोडं तेल सोडलं आणि वाडगा बर्फाच्या परातीत ठेवला. लसणाचा वास खोलीभर झाला. काशीरामच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ट्रंकेत वरती तुझ्या सासूची जुनी लुगडी होती," तो धापा टाकत म्हणाला. "मऊसूत. ती दिसाक नाय तुका?"

"दिसली."

"मगे?"

"ती बाजूला काढून ठेवली. खालचं घेतलं."

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. सून धांदरट नव्हती. लग्न होऊन बारा वर्षं झाली, तिच्या हातून साधी बशी फुटली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायको गेली तेव्हाही तो एवढा रडला नव्हता.

"आता मी जाऊ कसो गो?" त्याने विचारलं. "दुसरां चलाचां नाय माका. माझ्याच साच्यावरचां होयां."

मालन वाडगा घेऊन खाटेच्या कडेला बसली. तिने चमचा भरला आणि त्याच्या ओठांशी नेला.

"माहीत आहे, बाबा. आता आधी कुठूनतरी साचा मिळवा. त्यावर पाच वार विणा. मग खुशाल जा, मी अडवणार नाही. तोवर तोंड उघडा."