भरलेला तांब्या

सासऱ्यांचा हात थरथरायचा, म्हणून ऑनलाइन डॉक्टरांसमोर मोबाईल अक्षताच धरायची. हिंजवडीच्या ऑफिसची मीटिंग डोक्यावर असायची, त्यामुळे डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरंही तीच द्यायची. पहिल्या खेपेला बाबूराव मध्येच म्हणाले, "जरा पाणी आणतेस?" "दोन मिनिटं, बाबा. झालंच." पुढच्या खेपेला तिने आठवणीने भरलेला तांब्या आधीच त्यांच्याजवळ ठेवला. तांब्याकडे पाहत त्यांनी चष्म्याचं घर मिटून खिशात ठेवलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "तब्येत तूच सांगतेस, औषधंही तूच घे. मला नको हे." तिने फणकाऱ्याने मोबाईलमधलं डॉक्टरांचं ॲप काढून टाकलं. सहा महिन्यांनी त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा नर्सने त्यांचं चष्म्याचं घर तिच्या हाती दिलं. आत पाठकोऱ्या कागदाची घडी होती. पहिल्या खेपेची तारीख घालून त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "लघवीतून रक्त जाते. अक्षता पाणी आणायला उठली की डॉक्टरांना सांगणे."