घरात माणसं किती?

"काय गं, गिऱ्हाईक दारात आलं की लगेच गळ्यात पडतेस?" तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलेले बाबा माझ्या वेबसाइटवरची 'आत्ताच घ्या'ची लाल बटणं बघून वैतागले.

माझ्या लिंकवरून कुणी कुकर घेतला, तर मला कमिशन मिळणार होतं. तीन महिन्यांत एकही खपला नव्हता.

"आधी विचार, घरात माणसं किती? जुना कुकर चांगला असेल, तर नुसतं रबर बदला म्हणावं."

"मग नवा कोण घेणार?"

"तेच गिऱ्हाईक. परत येऊन."

चिडतच मी बटणं काढली, प्रश्न टाकला, रबराची लिंकही दिली.

आठवड्याने पहिली विक्री झाली, रबराची. मी तोंड वाकडं करणार, तोच बाबांनी मोबाइल सकाळच्या पहिल्या नोटेसारखा कपाळाला लावला.

"भवानी झाली! आता उघडलं तुझं दुकान."