दुसरा मोजा

सर खुर्चीत पाय सोडून बसले होते आणि काकू खाली फरशीवर बसून त्यांच्या उजव्या पायात मोजा चढवत होत्या. हे रोज सकाळचंच होतं. सरांना वाकता येत नसे. एके काळी भल्याभल्या फलंदाजांना पळता भुई थोडी करणारा हा माणूस आता खुर्चीतून उठतानाही दोनदा विचार करायचा. पण त्याबद्दल बोलायचं नाही, असा घरातला नियम होता. मोजे घालायचे, बुटाच्या नाड्या बांधायच्या आणि गप्प बसायचं.

समोर त्यांची लाडकी बोलर उभी होती. उंचीमुळे मैदानावर तिला सगळे शिडी म्हणत. काकूंनी दोनदा बस म्हटलं तरी ती बसली नाही. बसलं की उठवत नाही, असं तिनं दारातच काकूंच्या कानात सांगितलं होतं. सरांना मात्र चाचरत चाचरत एवढंच सांगितलं, की परवाची फायनल खेळायला डॉक्टर नको म्हणतात. कमरेच्या मणक्यात बारीक चीर दिसते आहे. दोन महिने बॉलला हात लावायचा नाही. आत्ता हट्टानं खेळलीस तर खेळणं राहिलं बाजूला, धड चालताही येणार नाही, असं त्यांनी बजावलं आहे.

सुरुवात खरं तर घोट्यापासून झाली होती. बॉल टाकताना सगळं अंग डाव्या पायावर आदळतं, आणि तो घोटा कधीचा ठणकत होता. त्याला जपायला पोरगी पाऊल तिरकं टाकू लागली, तसा सगळा भार कमरेवर गेला. वेग उतरला. सरांनी घोट्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेग उतरला म्हणून तिच्याकडून नेटमध्ये रोज जास्तीच्या ओव्हर टाकून घेतल्या. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. डॉक्टरांचं काय ऐकतेस, त्यांनी जन्मात कधी बॉल हातात धरलाय का? परवा निवड समितीची माणसं येणार, अशी संधी काय रोज दारात चालून येते? एक इंजेक्शन घ्यायचं, पट्टी घट्ट बांधायची आणि टाकायचं. आमच्या वेळी तर इंजेक्शनही नव्हतं. घोटा सुजला की एक नंबर मोठा बूट घ्यायचा, झालं औषध. बोलता बोलता त्यांचा आवाज असा चढला, जणू परवा तेच टाकणार होते. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

"हो सर," शिडी खालच्या मानेनं म्हणाली.

काकूंचा हात थांबला. हा 'हो' त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हे गृहस्थ प्रत्येक कॅप्टनला असंच 'हो' म्हणत आले होते. ते सगळे कॅप्टन आता आपापल्या घरी सुखात होते, आणि त्या होकारांची फेड काकू रोज सकाळी फरशीवर बसून करत होत्या.

"अगं, दुखणं डोक्यात असतं," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "डोक्यातून काढून टाक, अंगातून आपोआप जातं." आणि सवयीनं त्यांनी डावा पाय काकूंच्या पुढे केला.

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. झोपेत कूस बदलतानासुद्धा आई गं म्हणणारा माणूस, आणि दुसऱ्याच्या पोरीला ब्रह्मज्ञान सांगतोय! त्या उठल्या. दुसरा मोजा त्यांनी सरांच्या पावलाशी फरशीवर ठेवला आणि मागे सरकल्या.

"हा तुमचा तुम्ही घाला."

सर म्हणाले, हे काय नवीन, नेटची वेळ झाली, मुली ताटकळत असतील. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"दुखणं डोक्यात असतं ना? मग काढा की डोक्यातून."

शिष्येसमोर माघार घेतील तर ते सर कसले! त्यांनी दात आवळले आणि वाकायला सुरुवात केली. हात मांडीवरून घसरत घसरत गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच अडकला. मानेची शीर तटतटली. कपाळावर घाम आला. मोजा होता तिथंच होता.

शिडीला ते बघवेना. राहू द्या सर, मी देते, असं म्हणत ती पुढे झाली आणि वाकली. वाकली कसली, वाकायला गेली. कंबर जेमतेम हलली असेल नसेल, तोच तिचा श्वास अडकला आणि तिनं टेबलाची कड गच्च पकडली. चेहरा पांढराफटक पडला. पण तोंडातून हूं की चूं नाही. सरांची शिकवण पक्की होती.

काकूंनी तिला खांद्याला धरून हळूहळू सरळ केलं. पोरीची अजून विशीसुद्धा उलटली नव्हती. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. सरांचा हात अजून गुडघ्यावरच होता.

"तुमचा हात निदान गुडघ्यापर्यंत तरी पोचला," काकू म्हणाल्या.