मावशीच्या वजनाचे डबे

या, या. शेडमध्ये वाकून काय बघताय? इकडे तोंड करा. गोष्ट ऐकायची असेल तर उभ्यानंच ऐका. इथे खुर्ची एकच आहे आणि ती रिकामी नाही. विमानाची गोष्ट आहे. पेट्रोल नको, डिझेल नको, नुसतं ऊन खाऊन उडणाऱ्या विमानाची. थाप वाटली तर शेवटी म्हणा, मध्ये तोंड घालायचं नाही.

तर हे विमान म्हणजे पंख गल्लीएवढे लांब आणि अंग स्कूटरएवढं. पंखभर सोलरच्या पट्ट्या, आणि वजनाचा असा धसका की पायलटचा चष्मासुद्धा तोलून आत जायचा. पायलट म्हणजे मावशी. ज्यानं विमान बांधलं तो तिचा सख्खा भाचा, पण शेडमधले फिटर, वेल्डर, सगळेच तिला मावशी म्हणायचे. उडायच्या दिवशी ती चहा अर्धाच कप घ्यायची, चपला दाराशी काढायची आणि काट्यावर उभी राहायची. भाचा आकडा बघून मान हलवायचा, की ही आत जाऊन बसायची.

त्या दिवशी भाच्यानं मान हलवली नाही. वेल्डरला नुसतं म्हणाला, "आण." वेल्डरनं बॅटरीचे डबे आणून शेजारच्या काट्यावर रचायला घेतले. दोन्हीकडचे आकडे सारखे झाले तसा भाचा म्हणाला, "बास."

मावशी काट्यावरून उतरलीच नाही. "हे काय चाललंय?"

"मावशी, तू बसतेस म्हणून ऊन कललं की उतरावं लागतं. तुझ्या जागी हे डबे ठेवले ना, तर दिवसा भरतील आणि रात्रभर उडवतील. आणि चालवायचं काय, ते खालूनही चालवता येतं."

"म्हणजे मी ओझं."

"मी असं म्हटलं का?"

"तू नाही, काट्यानं म्हटलं."

वेल्डर हसला. मग आपण एकटेच हसतोय हे बघून खोकला.

"आणि हे डबे वर राहून करणार काय?"

"कॅमेरा आहे. सगळं बघेल."

"बघेल रे. पण त्याला बरं वाटेल का?"

भाच्याकडे हिशोब होता, आणि हिशोब खरा होता. मावशीलाही तो कळत होता, म्हणून तर जास्त झोंबला. बाहेर पैसा लावणारी मोठी माणसं विमान बघायला येऊन बसली होती. ती म्हणतील तसं पुढचं ठरणार होतं.

"आज मी उडवते," मावशी म्हणाली. "मग बघू."

वर गेली. थोडा वेळ छान गेला आणि मग ढग आला. मोटारींचा आवाज चहा न मिळालेल्या माणसासारखा मलूल झाला. कानात भाचा ओरडला, "मावशी, ढग! उतर!"

"दिसतोय मला. आंधळी आहे का मी?"

खाली जमिनीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता, चादर वाळत टाकल्यासारखा. मावशीनं विमान त्या रोखानं वळवलं. ऊन पंखांवर आलं, मोटारींनी सूर धरला. तुकडा सरकला तशी तीही सरकली. तो विरला तर पलीकडचा गाठला.

"अगं, करतेस काय तू?"

"ऊन वेचतेय."

पण ढगांनी शेवटी एकी केली. उन्हाला फट म्हणून राहिली नाही. मग टेबलावरचा कागद पडावा तशी मावशी अलगद खाली आली.

पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, "यातून माणसं किती जातील?"

"एक," मावशी म्हणाली.

"आणि सामान?"

"चष्मा."

पाहुणे हसले. त्यातला एक म्हणाला, "मग तो एक तरी कशाला?" पाहुणे गेले आणि भाच्यानं पाना उचलला.

विमानातली खुर्ची सुटून खाली आली, तशी मावशीनं ती काखेत मारली. शेडच्या दारात मधोमध मांडली आणि वर बसली. विमान तिच्या मागे. बाहेर काढायचं तर दुसरी वाट नाही.

"मावशी, उगाच हट्ट करू नकोस."

"तू डबे उडव की रात्रभर, मी कुठे नको म्हणते? पण त्याआधी दुसरं बांधायला घे, खुर्चीचं. तोवर मी इथेच."

"एका माणसासाठी? तेही ढग आला की खाली येणारं?"

"तू पहिल्यांदा चाललास तेव्हा दोन पावलं टाकलीस आणि दाणकन आपटलास. याला जमत नाही म्हणून तुला उचलून बाजूला ठेवला का आम्ही? तुला ठेवायचं असेल तर ठेव मला उचलून. माझं वजन तर तुला पाठच आहे."

फिटरनं वेल्डरकडे बघितलं, वेल्डरनं भाच्याकडे. हात कुणी लावला नाही. तेवढ्यात ढग फाटला आणि ऊन थेट दारात आलं.

"बरं, निदान सावलीत तरी सरक," भाचा म्हणाला.

"नको. चार्ज होतेय."

तेव्हापासून हे असंच चाललंय. आजही सकाळी आली, अर्धा कप चहा घेतला, चपला दाराशी काढल्या आणि बसली. बघा ना, तुमच्या मागेच आहे. तुमची सावली पडतेय तिच्यावर. तेवढं जरा बाजूला सरका.