शनिवारी लिहीत नाहीत

वायरमनने खिशातून पेन काढलं, तसा बाकावर शेजारी बसलेल्या आजीबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आज नाही," त्या हळूच म्हणाल्या. "शनिवारी इथे लिहीत नाहीत. विश्रांतीचा दिवस, कसलंच काम नाही."

ज्यूंच्या या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, तो तिसऱ्यांदा आला होता. ज्यू नव्हता, होता येईल का, तेही ठाऊक नव्हतं. वाचनालयातून आणलेल्या दोन पुस्तकांपलीकडे त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पहिल्या शनिवारी तो दाराशीच घुटमळला, तेव्हा याच आजीबाईंनी सरकून त्याला बाकावर जागा दिली होती. "उठायचं कधी, बसायचं कधी, हे मला साठ वर्षांत उमगलेलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पुढच्याकडे बघायचं."

इथे प्रार्थनेच्या शेवटी गेलेल्या माणसांची नावं घेत. तो त्यासाठीच आला होता.

मुलीला जाऊन आठ महिने झाले होते. घरात तिचं नाव निघालं की बायको भिंतीकडे तोंड करून पडून राही, दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नसे. मग त्यानेही नाव घेणं सोडलं. गेल्या आठवड्यात शिडीवर चढलेला असताना त्याने ते नुसतं मनात आणून पाहिलं, तर क्षणभर आठवेचना. हातातली पक्कड खाली पडली. तो शिडी घट्ट धरून तसाच उभा राहिला.

घरी ते लिहायचा धीर झाला नाही. इथे बसून चिठ्ठीवर लिहू, पुढे देऊ, दुसरं कुणीतरी वाचेल, असं त्याने ठरवलं होतं.

"मला तोंडाने जमायचं नाही, आजी," तो म्हणाला. "आणि मी तर तुमच्यातला नाही."

"मुलगी तुमची होती ना?"

समोर प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "आणखी कुणाचं नाव?"

वायरमन उठला. पुढचा बाक त्याने दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो मटकन खाली बसला आणि मान हलवून म्हणाला, "राहू द्या. तुम्ही पुढे चालू द्या."

"आम्हाला घाई नाही," म्हातारा म्हणाला.

कुणी खाकरलं नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. पंचवीस-तीस माणसं पुस्तकं हातात धरून थांबली होती. आजीबाईंनी फक्त आपली काठी बाजूला घेतली, त्याला उठायला जागा व्हावी म्हणून.

तो पुन्हा उठला. या वेळी घोगरं, अर्धंमुर्धं काहीतरी बाहेर पडलं.

"नीट ऐकू आलं नाही," म्हातारा म्हणाला. "परत सांगता?"

त्याने परत सांगितलं. या वेळी अख्खं, स्पष्ट.

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं. तरी त्याने ते नाव घेतलं, मग चौथ्यांदा, मग पुन्हा पुन्हा, एखाद्याला बाहेरून घरात बोलवावं तसं. पुढचं पान कुणीच उलटलं नाही.