नोंदीतली एक ओळ

मांडीच्या हाडातली भेग तिरकी होती. कडा स्वच्छ, आजूबाजूचं हाड शाबूत. एक्स-रे वाचून निदान सांगणाऱ्या यंत्राचा निष्कर्ष मात्र होता: कर्करोग हाडात पसरला आहे, उद्यापासून किरणोपचार.

डॉ. रेवती सबनीसांनी रुग्णाच्या नोंदीतून नऊ वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या कर्करोगाची ओळ काढली आणि तीच प्रतिमा पुन्हा यंत्राला दिली. उत्तर आलं: साधं फ्रॅक्चर.

“अहो, लोणच्याची बरणी काढताना स्टुलावरून पडले मी,” खाटेवरून इंदुताई करवादल्या. “तुमच्या यंत्राला नुसतं पडणं ठाऊकच नाही का?”

यंत्र प्रतिमेपेक्षा जुन्या नोंदीवरूनच निदान ठरवतं, हा संशय रेवतीबाईंना दोन वर्षांपासून होता. तरीही त्या यंत्राच्या प्रत्येक निष्कर्षाखाली सही करत आल्या होत्या.

“इंदुताई,” त्या म्हणाल्या, “यावर मी सही करणार नाही. आधी हाडाचा तुकडा काढून तपासू.”